माल गेला, पैसे कधी? : परदेशी व्यवहाराविषयी वाचकांची पत्रे

बँकेच्या परकीय चलन विभागात अनेक वर्षे काम केल्यामुळे या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी निर्यात-आयातीच्या पैशांविषयीची पत्रे संपादक माझ्याकडे पाठवतात. या वेळी त्यांतली पाच निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत, आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचा बेदाण्याचा व्यवसाय असून आजवर सर्व माल सांगलीच्या सौद्यात विकत आलो. आता दुबईतील एका व्यापाऱ्याने एका कंटेनरची मागणी केली आहे. तो ‘डीए साठ दिवस’ या अटीवर माल मागतो. आमचे एक स्नेही मात्र एलसीशिवाय एक पेटीही पाठवू नका असे बजावतात. कोणाचे ऐकावे? (एक बेदाणा उत्पादक, तासगाव)

उत्तर : या व्यवहारात दोघांचेही ऐकू नये, असे माझे मत आहे, मात्र त्याची कारणे समजून घेतलीत तर पुढच्या व्यवहारात आपला निर्णय आपल्यालाच करता येईल.

आपल्याकडे जुन्या पेढ्यांवर दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी असे दोन प्रकार चालत असत. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मोजायचे, तर मुदती हुंडी सकारायची आणि ठरलेल्या मितीला पैसे द्यायचे. आज बँका ज्याला डीपी आणि डीए म्हणतात, ती हीच जोडी आहे. डीपीमध्ये आपली कागदपत्रे बँकेमार्फत दुबईच्या बँकेत जातात आणि खरेदीदाराने पैसे भरल्यावरच त्याच्या हाती पडतात. डीएमध्ये तो केवळ हुंडी सकारतो, कागद घेतो, माल सोडवतो आणि साठ दिवसांनी पैसे देण्याचे वचन आपल्याजवळ राहते. दोन्ही प्रकारांत बँक ही टपाल पोहोचवणारी आहे, जामीन नाही. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाची १९९६ पासून लागू असलेली वसुलीची नियमावली, जिला बँकेतले लोक ‘यूआरसी ५२२’ म्हणतात, ती हेच स्पष्टपणे सांगते. ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही, त्याला पहिल्याच कंटेनरला साठ दिवसांची उधारी देण्याचे काहीच कारण नाही.

एलसी म्हणजे पतपत्र. त्यात खरेदीदाराची बँक स्वतः वचन देते, म्हणून ते अधिक सुरक्षित, हे आपल्या स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु एलसी उघडण्यासाठी खरेदीदाराला बँकेत मार्जिन म्हणून काही रक्कम अडकवून ठेवावी लागते, त्याची कर्जमर्यादा अडकते आणि दोन्हीकडच्या बँकांचे शुल्क एका कंटेनरच्या नफ्यातून जाते. ज्या व्यापाऱ्याला इतर विक्रेते उधारीवर माल देतात, तो आपल्यासाठी एवढा खटाटोप करील अशी शक्यता कमी आहे.

त्यामुळे मधला मार्ग सुचवतो : काही रक्कम टीटीने, म्हणजे बँकेतून थेट खात्यात, आगाऊ घ्यावी आणि उरलेली बिल ऑफ लेडिंगची (माल चढल्याची जहाज कंपनीची पावती, जी दाखवून तिकडे माल सोडवता येतो) स्कॅन केलेली प्रत पाठवल्यावर घ्यावी. आगाऊ रक्कम साधारण तीस टक्के घेण्याचा प्रघात आहे, पण आकडा प्रघातावरून ठरवू नये. खरेदीदाराने ऐनवेळी तोंड फिरवले, तर माल परत आणण्याचे किंवा दुबईच्या जेबेल अली बंदरातच दुसऱ्याला पडत्या भावाने विकण्याचे जे नुकसान होईल, त्याचा हिशेब मांडावा आणि तेवढी तरी रक्कम हाती असल्याशिवाय कंटेनर भरू नये.

न्हावाशेवाहून जेबेल अलीला जहाज काही दिवसांतच पोहोचते, बँकेमार्फत गेलेले मूळ कागद मात्र मागे राहतात, म्हणून खरेदीदार ‘टेलेक्स रिलीज’ द्या असा आग्रह धरील. म्हणजे मूळ बिल ऑफ लेडिंग आपण इथेच जहाज कंपनीकडे परत करायचे आणि तिने तिकडच्या कचेरीला मूळ कागदाशिवाय माल सोडण्यास कळवायचे. ही पद्धत सोयीची आहे, फक्त क्रम चुकवू नये : आधी पैसे आपल्या खात्यात जमा, मग कागद परत. खरेदीदाराने पाठवलेली स्विफ्ट संदेशाची, म्हणजे बँकांनी एकमेकींना धाडलेल्या पैशांच्या संदेशाची, प्रत म्हणजे पैसे नव्हेत. तसा कागद संगणकावर कोणीही तयार करू शकतो. आणि माल कधी विमानाने पाठवलात, तर एअरवे बिल, म्हणजे विमान कंपनीची पावती, हा मालकीचा कागदच नसतो, त्यामुळे ते खरेदीदाराच्या नावे केले की मालावरचा आपला ताबा संपला, हेही ध्यानात ठेवावे.

तीन-चार व्यवहार सुरळीत झाले की डीएचा विचार जरूर करावा, पण ईसीजीसीचे, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणाऱ्या महामंडळाचे, संरक्षण घेऊन. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे मुख्यालय मुंबईतच आहे. माल पाठवण्यापूर्वी त्या खरेदीदारावर पतमर्यादा मंजूर करून घ्यावी लागते, नुकसानीचा काही हिस्सा आपल्याकडेच राहतो, आणि मालाच्या दर्जावरून वाद निघाला तर तो वाद मिटेपर्यंत दावा अडकतो. या तीन गोष्टी अर्ज करतानाच माहीत असलेल्या बऱ्या. उधारी कितीही दिली तरी निर्यातीचे पैसे ठरावीक मुदतीत देशात आलेच पाहिजेत. ही मुदत नऊ महिन्यांची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती पंधरा महिने केली. प्रत्येक शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडे दाखल केलेला निर्यातीचा कागद, संगणकीय यंत्रणेत नोंदले जाते आणि पैसे जुळेपर्यंत उघडे राहते.

प्रश्न : आमची कोल्हापूरला फाउंड्री आहे. इजिप्तच्या ग्राहकाला एलसीवर पंपाची कास्टिंग्ज पाठवली. माल उत्तम असूनही त्यांच्या बँकेने कागद नाकारले, कारण एलसीत ‘पंप हाउसिंग’ होते आणि आमच्या इन्व्हॉइसवर ‘पंप बॉडी’ लिहिले गेले. शिवाय कागद जहाज सुटल्यानंतर चोविसाव्या दिवशी बँकेत दिले. आता ग्राहक आठ टक्के सूट मागतो. हा अन्याय नाही का? एलसीचा मग उपयोग काय? (एक उद्योजक, शिरोली)

उत्तर : आपला संताप समजू शकतो, बँकेत माझ्या टेबलासमोर असे संतापलेले उद्योजक मी पुष्कळ पाहिले आहेत. तरीही कागद नाकारण्याची ही दोन्ही कारणे नियमाला धरून आहेत.

एलसीला माल दिसत नाही. जगभर एलसी ज्या नियमावलीने चालतात ती ‘यूसीपी ६००’ १ जुलै २००७ पासून लागू असून तिच्यात ३९ कलमे आहेत. त्यांतले चौथे कलम सांगते की एलसी हा विक्रीच्या करारापासून स्वतंत्र व्यवहार आहे, आणि पाचवे सांगते की बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. म्हणूनच कास्टिंग सोन्याचे असले तरी इन्व्हॉइस चुकले तर पैसे अडतात, आणि याच नियमामुळे माल ग्राहकाला आवडला नाही तरी कागद बिनचूक असतील तर बँकेला पैसे द्यावेच लागतात. ही तलवार दोन्ही बाजूंनी धारेची आहे. या वेळी ती आपल्या बाजूला फिरली.

अठराव्या कलमानुसार इन्व्हॉइसवरील मालाचे वर्णन एलसीतील वर्णनाशी जुळलेच पाहिजे. इतर कागदांवर, उदाहरणार्थ पॅकिंग लिस्टवर, सर्वसाधारण शब्द चालतात, इन्व्हॉइसवर नाही. हस्तदोषाला मात्र थोडी सूट आहे. ही नियमावली काढणाऱ्या पॅरिसच्या वाणिज्य मंडळाने कागद तपासण्याची जी प्रमाण पद्धती छापली आहे, तिच्यात यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे एखादे अक्षर चुकले तर तो दोष मानू नये असे म्हटले आहे, पण मॉडेल ३२१ ऐवजी मॉडेल १२३ पडले तर तो दोषच. ‘हाउसिंग’ ऐवजी ‘बॉडी’ ही अक्षराची चूक नव्हे, तो दुसराच शब्द आहे. आपल्या कारखान्यात दोन्ही एकाच वस्तूला म्हणत असतील, बँकेतल्या कारकुनाने ते जाणणे अपेक्षित नाही. आणि एलसीत वेगळी मुदत दिलेली नसेल, तर जहाजावर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद सादर करावे लागतात. चोविसावा दिवस म्हणजे गाडी चुकली, ती पुन्हा दुरुस्त कागद देऊनही पकडता येत नाही.

आता काय करता येईल ते पाहू. प्रथम आपल्या बँकेकडून नकाराच्या संदेशाची तारीख आणि कागद तिकडे पोहोचल्याची तारीख मागवा. बँकेला कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात, आणि त्या अवधीत सर्व दोष एकाच सूचनेत कळवावे लागतात. सूचना उशिरा आली असेल, किंवा एक दोष आधी आणि दुसरा मागाहून काढला असेल, तर सोळाव्या कलमाप्रमाणे उशिराचे ते म्हणणे त्या बँकेला मांडता येत नाही. हे तपासायला कित्येक निर्यातदार विसरतात, आणि खेदाने सांगावे लागते की कित्येकदा त्यांची बँकही.

सूचना वेळेत असेल तर वाटाघाटीला पर्याय नाही, पण ती एकतर्फी नाही हे ओळखा. कागद अजून बँकेत आहेत, म्हणजे माल अजून आपला आहे आणि ग्राहकाला तो सोडवता येत नाही. त्याच्याच ड्रॉइंगप्रमाणे केलेली कास्टिंग्ज दुसरा कोणी घेणार नाही, ही आपली दुबळी बाजू. पण त्याची पंपांची जुळणी त्यांच्यावाचून थांबली असेल तर ती त्याचीही दुबळी बाजू आहे. त्याला माल किती तातडीने हवा आहे याची चौकशी करून मगच आकडा बोला. आठ टक्के मला मुळीच मान्य करण्यासारखे वाटत नाहीत. जे ठरेल ते ग्राहकाच्या पत्रावर घेऊ नका. एलसी देणाऱ्या बँकेने ‘दोष मान्य, कागद स्वीकारले’ असा संदेश आपल्या बँकेला पाठवला पाहिजे.

पुढच्या वेळी एलसी हाती पडताच, कास्टिंगचा साचा उचलण्यापूर्वी, तो शब्दन् शब्द वाचावा आणि जे जमणार नाही ते तेव्हाच बदलून मागावे. बदल बँकेमार्फत आला तरच तो बदल. ‘हरकत नाही, पाठवा’ असा ग्राहकाचा व्हॉट्सॲप संदेश बँकेला बांधील नसतो. ग्राहकाच्या प्रतिनिधीच्या सहीचे तपासणी प्रमाणपत्र मागणारी अट दिसली तर विशेष सावध राहावे, कारण मग तिजोरीची किल्ली त्याच्याच खिशात राहते. आपल्या संचिकेत एलसी ‘कन्फर्म’ केलेला, म्हणजे दुसऱ्या बँकेने पुष्टी दिलेला, नव्हता असे दिसते. २०२२ ते २०२४ या काळात इजिप्तमध्ये डॉलरची अशी चणचण होती की तेथील पौंडाचे मोल पुन्हा पुन्हा उतरले. अशा देशात ग्राहक सच्चा असतो, त्याच्या खात्यात पौंडही असतात, पण बँकेजवळ बाहेर पाठवायला डॉलर नसतात. दुसऱ्या देशातल्या सबळ बँकेने पुष्टी दिलेली असेल, तर कागद बिनचूक असताना पैसे देण्याची जबाबदारी त्या बँकेवर येते. शुल्क लागते, आणि ते किमतीत धरूनच भाव सांगावा.

प्रश्न : मी सोलापूरहून टेरी टॉवेल निर्यात करते. टीव्हीवर डॉलरचा जो दर दिसतो तो बँक मला कधीच देत नाही. हे योग्य आहे का? आणि फॉरवर्ड बुक करावे, की रुपया घसरेल म्हणून डॉलर धरून ठेवावेत? (एक निर्यातदार, सोलापूर)

उत्तर : टीव्हीवरचा दर हा बँकांनी आपापसांत केलेल्या घाऊक सौद्यांचा असतो. तोही बहुधा ‘स्पॉट’, म्हणजे दोन कामकाजाच्या दिवसांनी चलन हाती येण्याचा. आपल्याला पैसे आजच हवे असतील तर दोन दिवसांचा फरक वजा होतो आणि त्यातून बँक आपले मार्जिन, म्हणजे नफा, कापते. जे उरते तो आपला टीटी बाइंग दर. मार्जिन घेणे गैर नाही. ते किती घ्यावे हे मात्र दगडावरची रेघ नाही, आणि भाजी घेताना घासाघीस करणारी माणसे इथे गप्प का बसतात याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. चाळीस हजार डॉलरच्या बिलावर पंचवीस पैशांचा फरक म्हणजे दहा हजार रुपये. शाखेत वार्षिक उलाढाल दाखवून मार्जिनचे पैसे लेखी ठरवून घ्या, मोठी रक्कम असेल तेव्हा दर फोनवर विचारून मगच होकार द्या, आणि दर दिवशी जाहीर होणारा एफबीआयएल या संस्थेचा संदर्भ दर वहीत टिपून ठेवा. पूर्वी हा दर रिझर्व्ह बँक स्वतः काढत असे, २०१८ पासून ते काम या संस्थेकडे आहे. महिनाभराच्या टिपणांवरून आपली बँक किती घेते ते आपोआप कळेल.

फॉरवर्डविषयी, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा दर आजच बँकेशी ठरवून ठेवण्याविषयी, एक गैरसमज आधी दूर करतो. समजा आजचा दर ९० रुपये आहे आणि दोन महिन्यांनंतरचा फॉरवर्ड ९० रुपये ४० पैसे मिळतो. वरचे चाळीस पैसे म्हणजे रुपया घसरणार असे बँकेचे भाकीत नव्हे. रुपयावरचे व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जास्त असल्याने तो फरक पडतो. निर्यातदाराला तो मिळतो, आयातदाराला द्यावा लागतो. टॉवेलचा भाव सांगताना आपण कागदावर कोणता दर धरला होता तो पाहा. त्या दराला नफा सुटत असेल आणि फॉरवर्ड त्याहून चांगला असेल, तर हाती आलेल्या पक्क्या ऑर्डरपुरता तो बुक करावा, असे मी सांगतो. सगळ्या रकमेसाठी मात्र करू नये, कारण माल वेळेत गेला नाही किंवा ग्राहकाने ऑर्डर कमी केली तर फॉरवर्ड रद्द करण्याचा तोटा आपल्याला सोसावा लागतो. पक्क्या ऑर्डरच्या निम्म्या किंवा दोनतृतीयांश रकमेपासून सुरुवात करणे मला शहाणपणाचे वाटते.

डॉलर धरून ठेवण्याला आपल्याकडे ईईएफसी, म्हणजे परकीय चलन मिळवणाऱ्याचे त्याच चलनातले, खाते आहे. मिळालेले सर्व परकीय चलन त्यात ठेवता येते, पण त्यावर व्याज नाही, आणि एका महिन्यात जमा झालेली रक्कम पुढल्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वापरली नाही तर ती रुपयांत बदलावी लागते. रंग किंवा यंत्राचे सुटे भाग आयात करत असाल तर हे खाते फार उपयोगी. डॉलर विकताना एकदा आणि घेताना पुन्हा एकदा मार्जिन देणे टळते. केवळ रुपया पडण्याची वाट पाहण्यासाठी ते उघडू नये. इथे मागावर लागणाऱ्या सुताच्या उधारीचे व्याज चालू असताना तिथे डॉलर बिनव्याजी बसून राहतात.

प्रश्न : बारा हजार डॉलरचे बिल केले, खात्यात अडतीस डॉलर कमी आले. ग्राहक म्हणतो त्याने पूर्ण पाठवले. खोटे कोण बोलते? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : बहुधा कोणीच नाही. टीटी पाठवताना खर्च कोणाचा हे सांगणारा एक रकाना असतो : ‘अवर’ म्हणजे सर्व खर्च पाठवणाऱ्याचा, ‘बेन’ म्हणजे सर्व खर्च घेणाऱ्याचा, ‘शा’ म्हणजे वाटून. दोन बँकांचे थेट खाते नसले की मधली बँक आपला खर्च वाटेतच कापून घेते. इन्व्हॉइसवर ‘सर्व बँक खर्च खरेदीदाराचा’ ही ओळ छापा, आणि या वेळच्या फरकासाठी आपल्या बँकेला पत्र द्या, नाहीतर एवढ्याशा रकमेपायी शिपिंग बिल उघडे राहील.

प्रश्न : आम्ही बांगलादेशला कांदा पाठवतो. रुपयांत बिल केले तर डॉलरची कटकटच संपेल, असे ऐकले. खरे आहे का? (एक व्यापारी, लासलगाव)

उत्तर : परवानगी आहे. नेपाळ आणि भूतानशी रुपयांचा व्यवहार जुनाच आहे. ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने इतर देशांच्या बँकांनाही भारतीय बँकांत खास रुपया व्होस्ट्रो खाते उघडण्याची वाट मोकळी केली आणि २०२३ च्या जुलैत बांगलादेशाशी असा व्यापार सुरूही झाला. अडचण परवानगीची नाही, रुपये आणायचे कोठून याची आहे. ढाक्याच्या बँकेजवळ रुपये येतात ते बांगलादेशाने भारताला विकलेल्या मालातून, आणि तो देश आपल्याकडून जेवढे घेतो त्यापेक्षा आपल्याला विकतो फारच कमी. मग कांद्यासाठी रुपये पुरणार कसे? रशियाच्या बाबतीत नेमके उलटे झाले. आपण तेल भरपूर घेतले, रशियाने आपल्याकडून त्या मानाने थोडे घेतले, आणि मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी आलेले परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी भारतीय बँकांत साचलेल्या अब्जावधी रुपयांचे करायचे काय, हा प्रश्न उघडपणे मांडला.

शिवाय रुपयांत बिल केल्याने दराची जोखीम नाहीशी होत नाही, ती आपल्या खांद्यावरून ग्राहकाच्या खांद्यावर जाते, आणि तो ती भावात वळती करून घेतल्याशिवाय राहत नाही. तेव्हा ग्राहकाला आधी एवढेच विचारा की त्याच्या बँकेचे असे खाते कोणत्या भारतीय बँकेत आहे आणि त्यात आपल्या बिलाएवढे रुपये आज शिल्लक आहेत का. त्याचे उत्तर बँकेच्या संदेशाने आले तर गाडी भरा. तोंडी आले तर डॉलरचेच बिल करा.